गहू गेला, गायी आल्या: कास्त्रो वेर्देच्या माळावरचं प्रकरण

पोर्तुगालच्या दक्षिणेला अलेंतेजो म्हणून मोठा प्रदेश आहे, त्यातल्या बेजा जिल्ह्यात कास्त्रो वेर्दे हे छोटं गाव आणि त्याच्या भोवतीचा माळ. फोटो बघितले तर आपल्या मोहोळ-बार्शीकडचा माणूस म्हणेल की अरे हे तर आपलंच रान. लांबच्या लांब उघडं, मध्येच कुठंतरी एखादं झाड, जमीन पातळ, हातभर खाली गेलं की खडक. फक्त पावसाचं गणित उलटं आहे, तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा, त्यामुळं गहू ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा, पावसावरच येतो, जूनमध्ये काढणी. या माळावर ग्रेट बस्टर्ड राहतो, म्हणजे आपल्या माळढोकाचा तिकडचा भाऊबंद, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि पोर्तुगालमधले बहुतेक सगळे ग्रेट बस्टर्ड या एकाच भागात आहेत. सोबत लिटल बस्टर्ड (कोंबडीएवढा, त्याच घराण्यातला), लेसर केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा, माँटेग्यूचा भोवत्या, पखुर्डी, नीळकंठाचा युरोपातला भाऊ, चंडोलांच्या जाती, यादी मोठी आहे.

हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं कारण यात पक्षी वाचवायला जे जे करायचं असतं ते जवळपास सगळं केलं गेलं, पैसे आले, लोक आले, शेतकरी आले, आकडे वाढले, आणि तरीही वीस वर्षांत त्यातला एक पक्षी हातातून निसटत चाललाय. का, ते बघण्यासारखं आहे.

आधी थोडा इतिहास. हा माळ बघून वाटतं की असाच असणार हजारो वर्षं, पण आज दिसतो तो मुख्यतः शेतकऱ्यांनी आणि सरकारनं मिळून केलेला आहे. 1929 साली पोर्तुगालच्या हुकूमशाही सरकारनं ‘गहू मोहीम’ काढली, देश गव्हात स्वयंपूर्ण करायचा म्हणून, इटलीत मुसोलिनीनं जे केलं होतं त्याचीच कॉपी. किंमत हमी, खतं, प्रोत्साहन, आणि मग ज्या जमिनीत गहू घ्यायला नको होता तिथंही नांगर फिरला. झुडपं, झाडं निघाली, हलकी जमीन धुपली, दोन-चार वर्षांत उतारा खाली आला. मग अशा जमिनीत जे शक्य होतं तेच शेतकरी करत राहिले: एक वर्ष गहू, दुसऱ्या वर्षी ओट, आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीन पड. पड जमिनीवर आणि काढणी झालेल्या रानात मेंढरं. खत जवळपास नाही, औषध नाही, पाणी नाही. गरीब शेती, पण पक्ष्यांना ती इतकी मानवली की विचारू नका.

का मानवली हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर आहे. एकाच वेळी त्या माळावर पाच-सहा प्रकारची रानं असायची. उंच गहू, त्यात ग्रेट बस्टर्डची मादी आणि भोवत्याची मादी अंडी घालणार. पहिल्या वर्षाची पड, गवत आखूड, त्यात लिटल बस्टर्डचा नर पहाटे उभा राहणार. जुनी पड, उंच गवत आणि फुलं, त्यात लिटल बस्टर्डची मादी घरटं करणार. नांगरलेलं रान, काढणीनंतरचं रान, त्यात सांडलेलं धान्य आणि नाकतोडे. आज इथं गहू तर दोन वर्षांनी तिथं पड, त्यामुळं पक्ष्याला दरवर्षी थोडं सरकून जागा मिळायची. हे कुणी पक्ष्यांसाठी केलं नव्हतं, शेतकऱ्याला दुसरा इलाज नव्हता म्हणून झालं.

लिटल बस्टर्डचा नर तर बघण्यासारखा असतो. विणीच्या हंगामात मान काळी, त्यावर दोन पांढरे पट्टे, मान फुगवून डोकं मागं झटकतो आणि एक कोरडा ‘प्र्र्ट’ असा आवाज काढतो, पाय आपटतो, मध्येच टुणकन उडी मारून पंखांचं पांढरं दाखवतो. हे दिसायला गवत घोट्याएवढंच पाहिजे, नाहीतर मादीला दिसणार काय. आणि मादीला स्वतःला मात्र लपायला गुडघाभर गवत लागतं. म्हणजे नराला आखूड, मादीला उंच, आणि दोन्ही एकमेकांच्या जवळ. ग्रेट बस्टर्डचा थाट वेगळाच, तो शेपूट पाठीवर उलटी घेतो, पंख पिळून पांढरी पिसं वर आणतो, आणि तपकिरी पक्षी बघता बघता पांढरा होतो, अंगातला स्वेटर उलटा करून घालावा तसा.

आता संकट. 1980 च्या दशकाच्या शेवटी कागदाच्या लगद्यासाठी नीलगिरी लावायची टूम निघाली. पोर्तुगाल नुकताच युरोपियन कम्युनिटीत आला होता (1986), तिकडून शेतजमिनीवर झाडं लावायला अनुदानही मिळू लागलं, आणि गहू परवडत नाही तर नीलगिरी लावून मोकळं व्हा असा साधा हिशोब. बाहेरून बघणाऱ्याला झाडं लावली म्हणजे चांगलंच झालं असं वाटतं, आपल्याकडंही हा रोग आहेच, पण उघड्या माळावरच्या पक्ष्याला झाड म्हणजे घर गेलं. तो लांबवर दिसलं तरच तिथं राहतो.

इथं एलपीएन ही संस्था मध्ये पडली. 1948 ची, पोर्तुगालमधली सगळ्यात जुनी पर्यावरण संस्था. यांनी काय केलं तर युरोपच्या लाइफ फंडातून, म्हणजे निसर्ग-पर्यावरणाच्या कामांसाठीच्या निधीतून, पैसे उभे केले आणि 1993 पासून चक्क शेतं विकत घेतली. आज त्यांच्याकडं साधारण 1,800 हेक्टर आहे, आपल्या भाषेत साडेचार हजार एकर. ही जमीन विकत घेऊन त्यांनी कुंपण घालून बंद केली नाही, ती शेतीतच ठेवली, तोच गहू, तीच पड, तीच मेंढरं. हा मुद्दा मला सगळ्यात आवडला. नगरपालिकेच्या प्लॅनमध्येही नवीन लागवडीला चाप बसला, आणि नीलगिरीचा धोका या भागापुरता टळला.

पण 1,800 हेक्टरवर एवढे मोठे पक्षी थोडेच जगणार. म्हणून 1995 मध्ये ‘कास्त्रो वेर्दे झोनल प्लॅन’ आला. सोपं करून सांगतो: शेतकऱ्यानं जुनी फेरपालट चालू ठेवायची, ठरलेल्या प्रमाणात धान्य आणि पड, हेक्टरी जनावरं ठरावीक संख्येच्या वर नाहीत, विणीच्या काळात ठरलेल्या तारखेआधी कापणी नाही, थोडं पीक पक्ष्यांसाठी उभं सोडायचं, आणि उन्हाळ्यात पाणवठा चालू ठेवायचा. बदल्यात दर हेक्टरी पैसे, दरवर्षी, कराराप्रमाणे. यात शेतकऱ्याला कुणी नवीन काही शिकवलं नाही, त्याचा बाप जे करत होता तेच कर आणि तोट्याचा फरक आम्ही भरतो, एवढंच. नंतर 1999 मध्ये हा भाग युरोपच्या पक्षी कायद्याखाली संरक्षित झाला, आज त्याचं क्षेत्र साधारण 85,000 हेक्टर आहे आणि त्यातली बहुतेक जमीन खाजगी आहे.

आणि गुण आला. ग्रेट बस्टर्ड काही शेकड्यांवरून 2000 च्या दशकात हजाराच्या वर गेला. बाकीच्या पोर्तुगालमध्ये त्याचे छोटे छोटे कळप एकेक करून संपत होते आणि इथं मात्र वाढत होते. म्हणजे पैशाचा परिणाम होतो, यात शंका नको.

लेसर केस्ट्रेलची गोष्ट थोडी वेगळी. हा ससाणा आफ्रिकेत हिवाळा काढून परत येतो आणि भिंतीतल्या भोकात, कौलाखाली घरटं करतो. अलेंतेजोतली लोकं शहरात गेली, रानातले मातीच्या भिंतींचे वाडे पडायला लागले, भोकं संपली. 1990 च्या दशकात देशात मिळून दीडशेच्या आसपास जोड्या उरल्या होत्या. मग 2002 ते 2006 मध्ये दुसरा लाइफ प्रोजेक्ट झाला, मातीची मडकी, लाकडी खोकी, आणि खास भोकं ठेवून बांधलेल्या भिंती आणि बुरूज. जोड्या पाचशेच्या वर गेल्या. नीळकंठसुद्धा त्याच भिंतींत शिरले, फुकटात. पण एक भानगड झाली जी आपल्या लोकांनी ऐकून ठेवावी: 2009 च्या उन्हाळ्यात उष्णतेची मोठी लाट आली आणि खोक्यांमधली पिल्लं उष्णतेनं मेली, विशेषतः लाकडी खोक्यात, जिथं दक्षिणेकडून ऊन थेट यायचं. आतलं तापमान 50 च्या पुढं. जाड जुन्या भिंतीत जो गारवा होता तो पातळ फळीत कुठून येणार. घरट्याचं तोंड कुठल्या दिशेला हा प्रश्न तोवर फार कुणी गांभीर्यानं घेतलेला नव्हता.

तर इथपर्यंत यशाची गोष्ट. आता खरं प्रकरण सुरू होतं.

2003 मध्ये युरोपच्या शेती धोरणात मोठा बदल झाला. आधी गहू पेरला की गव्हावर अनुदान मिळायचं. बदलानंतर ते जमिनीशी जोडलं गेलं, तुम्ही गहू पेरा नाहीतर नका पेरू, पैसे तेवढेच. कागदावर एकदम शहाणपणाचं धोरण, जादा उत्पादन थांबवायला आणलेलं. पण देशांना काही सवलती होत्या आणि पोर्तुगालनं वासरं सांभाळणाऱ्या गायींवरचं अनुदान तसंच ठेवलं, म्हणजे गाय पाळली तर गायीमागं पैसे. आता शेतकऱ्याच्या जागी बसून हिशोब करा. हलक्या जमिनीत गहू, उतारा कमी, डिझेल महाग, अनुदान तर न पेरताही मिळतंय. मेंढरांना धनगर लागतो आणि तरुण पोरगं आता मेंढरांमागं फिरायला तयार नाही. गायीला एकदा तारेचं कुंपण घातलं की माणूस नको. मग कोण गहू पेरणार हो?

झालं असं की फेरपालट मोडली. गव्हाचं रान कमी कमी होत गेलं आणि त्या जागी कायमचं कुरण आलं. वरून बघितलं तर माळ तसाच उघडा, हिरवा, नकाशावर ‘गवताळ’ म्हणूनच रंगवलेला, त्यामुळं बरीच वर्षं फार कुणाला काळजी वाटली नाही. पण आतली पाच-सहा प्रकारची रानं जाऊन दोनच उरली, एक गायींनी जमिनीलगत खाल्लेलं आणि दुसरं वैरणीसाठी राखलेलं.

आणि ते वैरणीचं रान म्हणजे सापळा. मादीला उंच गवत हवं, ते आता तिथंच आहे, ती एप्रिलमध्ये तिथं अंडी घालते. गहू असता तर तो जूनमध्ये कापला असता, तोवर पिल्लं पळायला लागली असती. वैरण मात्र हिरवी असतानाच कापायची असते, त्यात पौष्टिकपणा असतो, म्हणजे एप्रिल अखेर-मे. मशीन येतं तेव्हा मादी उडून जात नाही, दबून बसते, हजारो वर्षं कोल्ह्यापासून तिचा जीव त्या दबण्यानंच वाचलाय. कापणीच्या मशीनपुढं तो उपाय चालत नाही. अंडी जातात आणि कित्येकदा मादीही जाते. त्यामुळं नर जास्त, माद्या कमी असा प्रकार झाला, आणि इथं मोजणीचाही घोळ आहे, कारण लिटल बस्टर्डची गणती करतात ती दिसणाऱ्या आणि ओरडणाऱ्या नरांची. माद्या संपत आल्या तरी नर काही वर्षं ओरडतच राहणार आणि आकडा बरा दिसत राहणार.

तरी आकडा शेवटी कोसळलाच. पोर्तुगालभर 2003 ते 2006 च्या गणतीत 17,418 नर होते. 2016 मध्ये 8,900. 2022 मध्ये 3,944. हा सगळ्या देशाचा आकडा आहे, एकट्या कास्त्रो वेर्देचा नाही, पण संरक्षित भागांतसुद्धा घसरण झाली आणि कास्त्रो वेर्दे त्यातून सुटलं नाही.

यात फक्त गायींना झोडपून चालणार नाही. विजेच्या तारा आहेत, बस्टर्ड जड पक्षी, नजर बाजूला असते, समोरची तार शेवटच्या क्षणी दिसते आणि वळता येत नाही, हेच आपल्याकडं जैसलमेरला चाललंय. 2009 ते 2012 च्या एका प्रोजेक्टमध्ये तारांवर खुणा लावल्या, कुंपणांवर काम केलं, पाणवठे केले, फायदा थोडाफार झाला. दुष्काळ वाढलेत, पावसाळा लवकर आटोपला की गवत लवकर वाळतं, नाकतोडे कमी. शिवाय 2002 मध्ये आल्केव्हा धरणाची दारं बंद झाली, तिथं अडीचशे चौरस किलोमीटरचा तलाव झाला, आणि बेजाच्या आसपासच्या गव्हाच्या रानात पाणी आलं. पाणी आलं की ऑलिव्ह आणि बदाम, एकाला एक लागून ओळी. संरक्षित भागात त्याला बंधन आहे, पण पक्ष्याला हद्द थोडीच माहीत. लिटल बस्टर्ड उन्हाळ्यात सुपीक, ओलसर रानात सरकतो, आणि ती रानं आता बागायत झालीत.

झोनल प्लॅनचं काय झालं? ते होतं, कागदावर आजही त्याचे वारसदार आहेत. पण अटी बदलत राहिल्या, रक्कम गव्हाच्या तोट्याच्या बरोबरीनं वाढली नाही, मधली काही वर्षं शेतकरी बाहेर पडले. माझ्या मते खरी गोम इथं आहे: एकाच ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या, तिजोरीतून एका हातानं गहू-पड ठेवायला पैसे आणि दुसऱ्या हातानं गायी वाढवायला पैसे, आणि दुसरा हात जास्त सढळ. शेतकऱ्याला पक्ष्यांचा राग नव्हता, बऱ्याच जणांना अभिमानच होता, 2017 मध्ये युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह झालं तेव्हा गावात कौतुकच झालं. पण अभिमानावर ट्रॅक्टरचा हप्ता जात नाही.

आता सोलापूरजवळच्या नान्नजची, आपल्या माळढोकाच्या माळाची, आठवण येणारच, सोलापूरकडचा कुणीही हे वाचताना मनात तीच तुलना करेल. 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून 8,496 चौरस किलोमीटर माळढोक अभयारण्य जाहीर झालं. बहुतेक जमीन खाजगी, त्यात गावं, शहरं, सगळं आलं. जमीन खरेदी-विक्रीला अडचण, एनओसीच्या फेऱ्या, आणि बदल्यात शेतकऱ्याला हेक्टरी एक रुपया नाही. लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. शेवटी अभयारण्य कापून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर फार उशीर झाला होता. नान्नजला माळढोक टिकला तो अवर्षणप्रवण कार्यक्रमात राखलेल्या गवताच्या तुकड्यांमुळं आणि भोवतीच्या रब्बी ज्वारी, करडई, हरभऱ्यामुळं. उजनीचं पाणी आणि बोअर आले, ऊस आणि द्राक्षं आली, ज्वारी मागं पडली. गिरिपुष्प लावून वनीकरणही केलं, वर सांगितलेला नीलगिरीचाच प्रकार. कास्त्रो वेर्देनं शेतकऱ्याशी निदान करार तरी केला, आम्ही थेट सातबाऱ्यावर हात घातला.

पण तुलना करताना एक फरक विसरू नये. अलेंतेजोत जमीनधारणा मोठी, शेकडो हेक्टरची शेतं, दोन-चारशे शेतकऱ्यांशी बोललं की अख्खा माळ कव्हर होतो. आपल्याकडं तेवढ्याच क्षेत्रात हजारो खातेदार, दोन एकर, चार एकर, भावकीत वाटण्या. तिथला करार उचलून इथं चिकटवता येणार नाही. इथं करायचं तर गावपातळीवर, ज्वारीच्या भावावर करावं लागेल, म्हणजे ठरावीक गावांतली ज्वारी जास्त दरानं सरकारनं घ्यायची, असं काहीतरी. ज्वारीची भाकरी आता शहरात महाग हॉटेलात मिळते, मग ती पिकवणाऱ्याला भाव द्यायला काय हरकत आहे?

पोर्तुगालमध्ये सध्या मागणी काय आहे तर तीन गोष्टींची. वैरण कापणी विणीनंतर, आणि तोवर जे नुकसान होईल ते भरून द्या, पूर्ण. गायीमागचं अनुदान या भागात धान्याच्या फेरपालटीकडं वळवा. आणि ज्या शेतात नर ओरडतायत किंवा घरटं सापडलंय तिथं भोवतीचा तुकडा सोडायचे पैसे, लगेच, त्याच हंगामात. फ्रान्समध्ये पश्चिमेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात लसूणघासाच्या शेतांवर असेच उशिरा कापणीचे करार केले होते, तिथंही हाच लिटल बस्टर्ड, आणि तिथं घसरण थांबली ती कराराखालची शेतं पुरेशी झाली तेव्हाच. दोन-चार शेतांत करून बातमी छापण्यापुरतं केलं तर मशीन उरलेल्या शंभर शेतांत फिरतंच. कास्त्रो वेर्देत ग्रेट बस्टर्डचाही आकडा गेल्या काही वर्षांत खाली यायला लागलाय, त्याचं आयुष्य मोठं, नर चार-पाच वर्षांनी वयात येतो, त्यामुळं आज पिल्लं कमी झाली तर कळपात खड्डा दिसायला वेळ लागतो. लिटल बस्टर्डचं जे 2016 ला कळलं ते याच्या बाबतीत किती वर्षांनी कळेल, त्याआधी वैरणीची तारीख बदलते का, एवढाच प्रश्न आता तिथं उरलाय.